मोकळा वेळ अंगावर येतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न, समुपदेशकांची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचं दुखणं एकाच जातीचं निघालं: काम होतं तोवर निभावलं, काम संपलं आणि करमेनासं झालं. म्हणून ही चार एकत्र घेतली आहेत. पत्रं जागेअभावी आटोपती केली आहेत.

प्रश्न: वय ४१. कर सल्लागार आहे. जुलैपासून रिटर्न, मग ऑडिट. चार महिने रात्री दहाच्या आत घर दिसलं नाही. आता पाचला टेबल मोकळं होतं. वाटलं होतं वाचीन, फिरीन, पोरीला वेळ देईन. प्रत्यक्षात घरी आलो की मोबाईल घेऊन सोफ्यावर बसतो ते जेवायची हाक येईपर्यंत. रविवारी काही काम नसताना ऑफिस उघडून बसतो. चिडचिड वाढली आहे. बायको म्हणते, ‘आता कायचं टेन्शन घेऊन राहिले?’ मला सांगता येत नाही. मी आळशी झालो की कामाचं व्यसन लागलं?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर: दोन्ही नाही. चार महिने तुमचा दिवस शेवटच्या तारखेने चालवला. यानंतर काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला पडलाच नाही. एक फाईल हातावेगळी झाली की दुसरी समोर होती. आता तो प्रश्न रोज संध्याकाळी पाच वाजता पडतो आणि ठरवायची सवय मोडलेली आहे. अशा वेळी मोबाईल जिंकतो, कारण तो काहीच ठरवायला लावत नाही. ही तक्रार नवी नाही. हंगेरीचे मनोविश्लेषक सांदोर फेरेन्झी यांनी १९१९ मध्येच अशा रुग्णांबद्दल लिहिलं होतं: आठवडाभर ठणठणीत असणारी ही माणसं नेमकी रविवारी डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी आणि उदासी घेऊन बसत.

तुमच्या हिशोबी मनाला पटेल असा एक आकडा सांगतो. संशोधक मारिसा शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या वेळेच्या नोंदी तपासल्या. दिवसाला साधारण दोन तास मोकळे मिळेपर्यंत समाधान वाढत गेलं, पुढे ते स्थिरावलं आणि पाच तासांनंतर घसरायला लागलं. पुढच्या प्रयोगांत असं दिसलं की तोच जास्तीचा वेळ काही करण्यात किंवा माणसांत गेला, तर ही घसरण होत नाही. तुमचे पाच ते साडेदहा म्हणजे साडेपाच तास होतात. शून्यावरून तुम्ही एका झटक्यात तिथे पोचलात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे हा वेळ एकदम घेऊ नका. काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार बहारासाठी झाडाचं पाणी काही काळ बंद ठेवतो, आणि हा ताण तोडताना पहिलं पाणी हलकंच देतो. एकदम भरपूर दिलं तर बहार बिघडतो. तुम्हीही पहिले पाच-सहा दिवस ऑफिसातून सातला निघा, पुढचा आठवडा सहाला, मग पाचला. सकाळची वेळ मात्र हलवू नका. सकाळ सैल सोडली की रात्र लांबते, आणि मग दिवस कुठूनच धरता येत नाही.

ऑफिसातल्या त्या जादा वेळात एक काम करा. साधी वही घ्या, अर्धा तास बसा आणि डोक्यात अडकलेलं सगळं कागदावर उतरवा. कोणाच्या नोटिशीला उत्तर राहिलं, कोणाची फी यायची आहे, गीझर बिघडलाय, दाढ दुखते, पोरीच्या शाळेत जायचंय. प्रत्येक ओळीपुढे पुढची एकच कृती आणि वार लिहा. ‘घराची कामं’ असं लिहून काही होत नाही; ‘सोमवारी अकराला प्लंबरला फोन’ असं हवं. मानसशास्त्रज्ञ मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत हेच दिसलं. अर्धवट काम मनात टोचत राहतं, पण ते पूर्ण न करताही नुसतं कधी-कसं करायचं हे नक्की ठरवलं तरी टोचणी थांबते. रविवारी तुमचे पाय ऑफिसकडे वळतात त्यामागे बहुधा हीच टोचणी आहे. यादी मोबाईलमध्ये करू नका. यादी बघायला म्हणून उघडाल आणि पाऊण तासाने मान वर कराल.

पुढचे सात दिवस नोंद ठेवायची. पानावर तासांचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात काय केलं ते दोन शब्दांत आणि शेजारी शून्य ते दहामधले दोन आकडे: एक मजा किती आली याचा, दुसरा काही केल्याचं समाधान किती वाटलं याचा. हे दोन आकडे वेगळे का, ते तिसऱ्या दिवशी कळेल. मोबाईलच्या तासाला मजा तीन-चार आणि समाधान शून्य-एक अशी नोंद अनेकांच्या वहीत सापडते. माळा आवरला, सायकलची चेन बसवली, तिथे मजा कमी आणि समाधान सात-आठ. मित्रासोबत चहा-तर्री-पोह्याला दोन्ही चांगले आकडे मिळतात. नोंद दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना अशी तीनदा करा. सगळी एकदम रात्री केली तर त्या वेळच्या मूडचा रंग अख्ख्या दिवसाला लागतो आणि वही खोटी होते.

आठवड्यानंतर वहीतलं जे वर आलं असेल त्यातल्या दोनच गोष्टींना वार, वेळ आणि जागा द्या. ‘फिरायला जाईन’ हे पुरत नाही. ‘मंगळवार-शुक्रवार सकाळी सव्वासहाला अंबाझरीच्या बांधावर’ असं ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचं काम नेमकं यावरच आहे: कधी आणि कुठे हे आधी ठरलेलं असलं की कृती घडण्याची शक्यता बरीच वाढते. शक्यतो एक गोष्ट शरीराची असावी, एक माणसांची.

यात घोळ होतो तो उत्साहाने. पहिल्या आठवड्यात जिमची वर्षाची फी भरली, तबल्याचा क्लास लावला, पाच पुस्तकं आणली; दहाव्या दिवशी सगळं बंद आणि वर अपराधीपणा. दुसरा घोळ तुमच्या व्यवसायात जास्त दिसतो: मोकळ्या वेळालाही टार्गेट लावायचं. रोज दहा हजार पावलं, महिन्याला चार पुस्तकं. म्हणजे परत शेवटची तारीख आलीच. दोनपैकी एका गोष्टीत तरी कुठलाच आकडा मोजायचा नाही, असं ठरवून टाका. सवय अंगवळणी पडायला २१ दिवस लागतात ही ऐकीव गोष्टही सोडून द्या. संशोधक फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक पडला.

राहिलं घर. चार महिने तुम्ही नव्हता तेव्हा घराने तुमच्यावाचून आपली घडी बसवली. आता संध्याकाळी येऊन फ्रीजमध्ये डोकावून ‘हे कशाला आणलं’ म्हणालात तर भांडण ठरलेलं. ‘काही मदत करू का’ हेही नको. त्यात काम सांगायची जबाबदारी पुन्हा बायकोवरच पडते. एक आख्खं काम उचला. भाजी म्हणजे काय संपलंय ते बघण्यापासून, रविवारी सकाळी कॉटन मार्केटला जाऊन आणण्यापर्यंत आणि निवडून डब्यांत भरेपर्यंत. मेथीची जुडी निवडायला वेळ लागतो. लागू द्या, पोरीला शेजारी बसवा. या वयाच्या मुली समोर बसवून विचारलं की ‘काही नाही’ म्हणतात. हात कामात असले की आपोआप बोलतात.

प्रश्न: मी सरकारी कार्यालयात आहे. हिवाळी अधिवेशनाच्या तयारीपासून ते संपेपर्यंत पाच-सहा आठवडे श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या काळात मला साधी शिंकही येत नाही. अधिवेशन संपलं, सुटी टाकली, की दुसऱ्या दिवशी डोकं फुटेल इतकं दुखतं. दरवर्षी हेच. सुटी माझ्या नशिबातच नाही का?
— एक वाचक, रविनगर

उत्तर: नशिबाला सोडा, चहा मोजा. अधिवेशनाच्या दिवसांत कार्यालयात चहाचे किती कट होतात? आठ-दहा होत असतील आणि घरी सुटीत दोनच होत असतील, तर डोकेदुखीचं एक कारण तिथेच सापडलं. कॅफीन अचानक तुटल्यावर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त दुखतं आणि कधी कधी आठवडाभर रेंगाळतं. उपाय सोपा आहे: सुटी लागल्यावरही चहा एकदम तोडायचा नाही, दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करायचा.

दुसरं कारण खुद्द ताण उतरणं. अर्धशिशीच्या मोजक्या रुग्णांच्या रोजच्या नोंदींवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ताण चढताना फारसं काही झालं नाही. तो उतरल्यावर पहिल्या सहा तासांत अर्धशिशीचा झटका येण्याची शक्यता जवळपास पाचपट दिसली. त्यात आपण सुटीच्या पहिल्या दिवशी दहापर्यंत झोपतो, नाश्ता बुडवतो, पाणी विसरतो. म्हणजे डोकेदुखीला निमंत्रणच.

तेव्हा पहिले तीन दिवस उठायची वेळ रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त पुढे ढकलू नका. झोप भरून काढायची तर रात्री लवकर आडवे व्हा. उठल्यावर तासाभरात काहीतरी खा. अधिवेशन संपायच्या शेवटच्या दोन दिवसांतच संध्याकाळी वीस मिनिटं चालायला सुरुवात करा, म्हणजे उतार हळू होतो. सुटीच्या पहिल्याच दिवशी पहाटेची गाडी पकडून गावाला पळू नका.

गोळीचं भान ठेवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस आणि एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. आणि डोकेदुखी क्षणात टिपेला गेली, सोबत ताप येऊन मान आखडली, हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असं दुखू लागलं, तर हे सगळं वाचत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

प्रश्न: वय ५६. सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीने जेवण, डायपर, औषधं, सगळं मीच केलं. दिवाळीच्या आधी त्या गेल्या. तेरवी झाली, पाहुणे गेले. आता जो तो म्हणतो, ‘सुटलीस बाई.’ मला मात्र सकाळचा चहा झाला की पुढे काय करावं ते सुचत नाही. घर खायला उठतं. रात्री दोनला आपोआप जाग येते. मोठी नणंद म्हणते, रिकामीच आहेस तर माझ्या नातवाला सांभाळ. हो म्हणू का?
— एक वाचक, महाल

उत्तर: नातवाचं आधी: आत्ता हो म्हणू नका. बाई मोकळी दिसली की घरोघरी तिच्यासाठी पुढचं काम तयार असतं, आणि तुम्हालाही ते घ्यावंसं वाटेल, कारण त्याने रिकामपण झाकलं जाईल. तीन वर्षांचा थकवा मात्र तसाच राहील. ‘ताई, होळीपर्यंत मी काही घेत नाही, मग बोलू,’ एवढंच म्हणा. कारण देत बसू नका. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो. होळीनंतर घ्यावंसं वाटलं तर दिवस आणि तास आधी ठरवून घ्या.

‘सुटलीस’ हा शब्द लागतो, कारण तो थोडासा खरा आहे. सुटल्यासारखं वाटणं आणि माणूस गेल्याचं दुःख ही दोन्ही एकाच वेळी असतात. दीर्घ आजारात सेवा केलेल्या अनेकांना असं होतं. सुटका वाटली म्हणून तुमची सेवा खोटी होत नाही.

रात्री दोनची जाग ही तीन वर्षांची सवय आहे, आजार नव्हे. ती मोडायची रीत अशी. खोलीतलं घड्याळ दिसणार नाही असं फिरवून ठेवा. जाग आल्यावर साधारण वीस मिनिटांत डोळा लागला नाही असं वाटलं, तर पलंगावर तळमळत पडू नका. उठून दुसऱ्या खोलीत बसा, दिवा मंद ठेवा, एखादा जुना दिवाळी अंक चाळा. चहा, टीव्ही, मोबाईल काही नको. डोळे जड झाले की परत पलंगावर. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी, समजा सहाला, उठायचंच. दुपारी पडायचं तर तीनच्या आत आणि वीस-तीस मिनिटं, गजर लावून. पहिला आठवडा जड जाईल, फरक दोन-तीन आठवड्यांत दिसतो. इथे बहुतेक जणी चुकतात ती एका ठिकाणी: झोप पुरत नाही म्हणून रात्री नऊलाच आडव्या होतात. त्याने झोप पातळ होते आणि जाग दोनऐवजी एकला येते. झोपेची गोळी परस्पर दुकानातून आणू नका.

त्यांची खोली एका दिवसात रिकामी करायची गरज नाही, पण जे भाड्याने आणलं असेल ते या महिन्यात परत करा. पलंग, ऑक्सिजनचं यंत्र यांचं भाडं नकळत वाढत जातं. हवेची गादी, कमोडची खुर्ची, न फोडलेली डायपरची पाकिटं दुसऱ्या रुग्णाच्या घरी लगेच उपयोगी पडतात. उरलेली औषधं घरात ‘लागतील कधी’ म्हणून ठेवू नका. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्यांची विल्हेवाट कशी लावायची ते तुमच्या डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारा. साड्या, जपाची माळ, चष्मा यांना हात कधी लावायचा ते तुम्ही ठरवा, नणंद नाही.

दिवस वेळेवर टांगायची कला तुम्हाला घड्याळवाल्यापेक्षा जास्त येते, तीच वापरा. पूर्वी दिवसाला दहा-बारा वेळा होत्या, आता तीन पुरेत. सकाळी नऊच्या आत घराबाहेर पडून अर्धा तास. चिटणीस पार्कपर्यंत जाऊन आलात तरी चालेल, महालात निम्मा वेळ ओळखीच्यांशी बोलण्यातच जाईल आणि तेही हवंच आहे. दुपारी एक ते चार हा सर्वांत कठीण पट्टा, कारण भरवणं, पुसणं, चादर बदलणं हे सगळं एरवी तेव्हाच चालायचं. त्यात आठवड्यातून दोनदा माणूस हवं: बहिणीला फोन, शेजारणीकडे जाणं, काहीही. तिसरी वेळ संध्याकाळची, हाताच्या कामाची. भजनी मंडळ किंवा भिशी तीन वर्षांत सुटली असेल तर परत जा, पण पहिल्या खेपेला पाऊण तासच, दाराजवळ बसा. सगळ्या जणी सासूबाईंबद्दलच विचारतील आणि मधेच उठावंसं वाटेल. उठलात तरी पुढच्या वेळी जा.

आणि स्वतःची तपासणी. सेवा करणारं माणूस स्वतःचं सगळं पुढे ढकलतं. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, डोळे, दात. स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी. आणि कूस बदलून बदलून धरलेली कंबर. हे दोन खेपांत उरकतं. वजन आणि उत्साह दोन्ही कमी वाटत असेल तर रक्तक्षय किंवा थायरॉइड निघण्याचीही शक्यता असते, सगळंच मनाचं नसतं.

दोन आठवडे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटलं, कशातच गोडी राहिली नाही, जेवण तुटलं, किंवा ‘मी नीट केलं नाही म्हणून त्या गेल्या’ हा विचार हटेना, तर नागपूरच्या मेडिकलमधल्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या, मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवा. तिथे जाणारे सगळे ‘वेडे’ असतात हा आपल्याकडचा समज आता पुरे झाला. जगून काय करायचं असं मनात आलं, तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही: घरच्यांना त्याच दिवशी सांगा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न: ३० नोव्हेंबरला रेल्वेतून निवृत्त झालो. ३५ वर्षं पाळ्यांची ड्युटी केली. अजूनही रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून नागपूर स्टेशनवर जातो, गाड्या बघतो, सहकाऱ्यांशी बोलतो, परत येतो. मुलगा हसतो. बंद करावं का?
— एक वाचक, अजनी

उत्तर: मुळीच नाही. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावची गिरणी बंद पडल्यावर तिथल्या बेकारांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना वाचायला हवा तेवढा वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पगाराखेरीज नोकरी आणखी काय काय देते, हे याहोडांनी पुढे मांडलं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सामायिक उद्देश, ओळख आणि नियमित हालचाल. तुमची सकाळची फेरी यातल्या निदान तीन गोष्टी भरून काढते. मुलाला हसू द्या.

फक्त दोन बदल करा. सहकारी ड्युटीवर असतात, सुरुवातीला ते आनंदाने बोलतील, दोन-तीन महिन्यांनी घाईत असतील, आणि ते तुमच्या जिव्हारी लागेल. त्याआधीच आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या ठिकाणी वळवा: सीताबर्डीवरचं राजाराम वाचनालय, किंवा निवृत्त कर्मचाऱ्यांची संघटना, जिथे पेन्शनचे अर्ज समजावून सांगायला तुमच्यासारखा जाणकार लागतोच. आणि ३५ वर्षं दर आठवड्याला बदललेली झोप आता पहिल्यांदाच एका वेळेवर आणता येईल; रोज एकाच वेळी उठा, पहिल्या तासात उन्हात बसा. पाळ्या केलेल्यांनी रक्तदाब आणि साखर दर सहा महिन्यांनी बघावी.

स्टेशनवर थांबायचं ते प्लॅटफॉर्म तिकिटाच्या मुदतीइतकं, म्हणजे दोन तास. त्यानंतर नाश्त्याला घरी.